पाण्याने काय काय जातं?

धाकट्या जावेच्या मुलाने बेंगळुरूहून आईला वाढदिवसाची भेट पाठवली. तीन दिवसांचं ‘वेलनेस पॅकेज’, दोघींसाठी. तिने मला विचारलं, “आक्का, येताय काय?” माझ्याकडे त्या आठवड्यात पाहुणे होते. मी म्हटलं, “तू जाऊन ये, तुझ्या विहीणबाईंना घेऊन जा.” ती गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या दोन्ही पायांना फोड होते.

ते पुढे सांगते. आधी माहितीपत्रक, कारण ते अजून माझ्यापाशी आहे. गुळगुळीत कागद, वर कमळ, खाली एकावर एक रचलेले काळे दगड आणि त्यांच्यामध्ये एक बाई डोळे मिटून पहुडलेली. बाई पंचविशीची. या केंद्रांत जाणाऱ्या निम्म्या बायका माझ्या वयाच्या असतात, पण फोटोत आमच्यातली एकही नसते. बी. ए. झाल्याचा मला संसारात फारसा उपयोग झाला नाही. एवढंच झालं, की छापलेलं काहीही हातात आलं की मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा. हे पत्रक मी चार वेळा वाचलं.

पत्रकाची भाषा बघण्यासारखी आहे. “शरीरातील विषद्रव्यांचा निचरा होतो.” कोणती विषद्रव्यं? एकाचंही नाव नाही. “हार्मोन्सचे संतुलन साधते.” कोणते हार्मोन, किती बिघडलेले, कशाने मोजले? “मधुमेह, थायरॉइड, संधिवात, निद्रानाश यांवर गुणकारी.” गुणकारी हा शब्द मोठा सोयीचा. रोग बरा होतो असं त्याने म्हटलेलं नाही, कमी होतो असंही म्हटलेलं नाही. उद्या कुणी विचारलं तर हात झटकायला मोकळे. पण वाचणाऱ्या बाईच्या मनात मात्र ‘बरा होतो’ असंच उतरतं. आपण लोणच्याच्या बरणीवर एवढं मोघम लिहिलं तर अन्नपदार्थाचा निरीक्षक येऊन विचारेल. इथे कुणी विचारत नाही.

घाम येऊन विष बाहेर पडतं, ही कल्पना तर इतकी रुजली आहे की आपल्या महिला मंडळात कुणी शंका काढली तर तिलाच वेड्यात काढतील. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी, त्यात थोडं मीठ आणि आणखी काही पदार्थ अगदी अल्प प्रमाणात. तो येतो तो अंग थंड राखण्यासाठी. रक्तातली नको ती द्रव्यं वेगळी करायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करत असतात, पॅकेज न घेता. ज्यांची मूत्रपिंडं थकली त्यांना डायलिसिसवर ठेवावं लागतं, वाफेच्या पेटीत बसवून चालत नाही. आणि वाफ घेऊन उठल्यावर काट्यावर जे अर्धा-पाऊण किलो कमी दिसतं, ते दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं.

ही विषाची गोष्ट आली कुठून? आपल्याकडे असं समजतात की हे सगळं प्राचीन आणि भारतीय. तेल लावणं, शेक, वाफ हे आपलं आहेच. पण निसर्गोपचाराच्या पुस्तकांत जे कटिस्नान, घर्षणस्नान, पोटावर ओली पट्टी असतं, त्यातलं बरंचसं जर्मनीकडून आलेलं आहे. लाइप्झिग शहरात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लुई कुने नावाचा गृहस्थ होता. डॉक्टर नव्हता. त्याचं म्हणणं, रोग एकच आहे आणि त्याचं कारणही एकच: शरीरात साठलेलं परकं द्रव्य. ते पोटापाशी साचतं, आंबतं, वर चढतं. नुसता चेहरा आणि मान बघून ते कुठे साठलंय हे सांगता येतं, असाही त्याचा दावा होता. उपाय म्हणजे स्नानं आणि साधा आहार. आपल्याकडच्या निसर्गोपचारवाल्यांनी त्या द्रव्याला ‘विजातीय द्रव्य’ असं भारदस्त नाव दिलं. आज त्यालाच ‘टॉक्सिन’ म्हणतात. कमळ नवीन छापलंय, आतलं वाक्य सव्वाशे वर्षांपूर्वीचंच आहे. सव्वाशे वर्षांत शरीराबद्दल एवढं कळलं, पण ते त्या वाक्याला कुठे शिवलेलं नाही.

कुनेला आपल्या घराघरांत आणलं ते गांधीजींनी. त्यांच्या आत्मकथेतलं एक प्रकरण मला फार जवळचं वाटतं, आणि त्याच प्रकरणावर माझं भांडणही आहे. १९०२ सालची मुंबईतली गोष्ट. दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला, त्यात न्यूमोनियाची लक्षणं. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचं सूप द्यायला सांगितलं. गांधीजींनी नकार दिला. आपल्या समाजातल्या कुठल्या आईला हा पेच ठाऊक नाही? माझ्या बाळंतपणात रक्त कमी होतं तेव्हा नर्सनेही हेच सुचवलं होतं, आणि सासूबाईंनी खजूर, गूळ अन् अळिवाची खीर करून मला उभी केली होती. (सोबत लोहाच्या गोळ्याही होत्या, हे सासूबाई सांगत नसत.) तर गांधीजींनी कुनेप्रमाणे मुलाला तीन-तीन मिनिटांची कटिस्नानं दिली, पाणी घातलेला संत्र्याचा रस दिला. ताप १०४ वर गेला. मग ओल्या चादरीत गुंडाळलं, वर घोंगडं. आणि मुलाला त्याच्या आईजवळ सोपवून ते चौपाटीवर फिरायला गेले, रामनाम घेत. परत आले तर मुलाला घाम फुटला होता, ताप उतरू लागला होता.

या प्रकरणाचं मोठेपण असं की शेवटी ते स्वतःच विचारतात, मुलगा कशाने बरा झाला हे कुणी सांगावं? देवाच्या कृपेने, पाण्याच्या उपचाराने, की पथ्याने आणि शुश्रूषेने? ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावं. एवढा प्रामाणिकपणा मला एकाही माहितीपत्रकात सापडलेला नाही. माझं भांडण आहे ते चौपाटीपाशी. ते फिरून येईपर्यंत कस्तुरबा त्या मुलाशेजारी बसून होत्या. ओल्या चादरीत तळमळणारं पोर, एकशेचार ताप, आणि निर्णय दुसऱ्याने घेतलेला. त्या काळात त्यांच्या मनात काय चाललं होतं, याबद्दल प्रकरणात काही नाही. पाण्याच्या उपचारांची गोष्ट सगळीकडे अशीच लिहिलेली दिसते. उपचार सांगणारा एक असतो, पाणी तापवणारी, चादर पिळणारी आणि उशाशी बसणारी दुसरी असते. बरा झाला तर श्रेय उपचाराला.

आणखी एक. पुढे १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर छोटं पुस्तक लिहिलं, ‘आरोग्याची किल्ली’. त्यातही कुनेची स्नानं आहेत. १९४६ साली उरुळीकांचनला त्यांनी निसर्गोपचाराचं काम सुरू केलं, ते आश्रमाच्या रूपाने आजही चालू आहे. आपल्या बेळगाव-निपाणी भागातून वर्षाला कितीतरी जण तिकडे जाऊन येतात. पण १९२४ च्या जानेवारीत त्यांना अपेंडिक्सचा त्रास झाला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली, आणि त्यांनी ती करून घेतली. मध्येच वीज गेली म्हणून कंदिलाच्या उजेडात ती पुरी केली असं सांगतात. कटिस्नानाने अपेंडिक्स बरं होईल म्हणून ते बसून राहिले नाहीत. त्यांचे दाखले देणारे हा दाखला देत नाहीत.

आता जावेचे पाय. तिला दहा वर्षांपासून साखर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘उष्ण पादस्नान’ होतं. खुर्चीवर बसवतात, पाय गरम पाण्याच्या बादलीत, अंगाभोवती घोंगडी, डोक्यावर गार पाण्याचं फडकं. उपचार म्हणून साधाच. पाणी घालणारी मुलगी वीसेक वर्षांची, बिचारी गोड बोलणारी. मधूनमधून विचारत होती, “बरं वाटतंय ना मॅडम?” जाऊ म्हणत होती, “हो, छान वाटतंय.” वीस मिनिटं. संध्याकाळी पावलं लाल, रात्री फोड.

“मला काय कळालंच नाही बघा आक्का. पाणी एवढं कढत हाय म्हणून वाटलंच नाही.”

हेच खरं होतं. तिला कळत नव्हतं. डॉक्टरांनी नंतर तिला डोळे मिटायला सांगून तळव्याला ठिकठिकाणी नायलॉनचा बारीक धागा टेकवला. “लागलं की सांगा.” ती कितीतरी वेळ गप्प. मी बाजूला उभी राहून बघत होते, धागा टेकतोय, वाकतोय, आणि ही डोळे मिटून वाट बघतेय. वर्षानुवर्षांच्या साखरेने पायांच्या नसा बधिर होतात, हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. चालताना तिची चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि ही चार पावलं पुढे निघून जायची. आम्ही हसायचो. घरात एवढी मोठी खूण रोज दिसत होती, आणि तिच्यावर आम्ही विनोद केले.

म्हणून सगळा दोष मी केंद्राला देत नाही. पण त्यांचा फॉर्म मी पाहिला. त्यात ईमेल विचारला होता, आमच्याबद्दल कुठून कळलं हे विचारलं होतं, लॅव्हेंडर हवं की लेमनग्रास हे विचारलं होतं. साखर आहे का, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का, पायाला मुंग्या येतात का, हे विचारलेलं नव्हतं. ज्या पत्रकात मधुमेहावर गुणकारी म्हणून लिहिलंय, त्याच ठिकाणी मधुमेह आहे का म्हणून प्रश्न नाही. बादलीत थर्मामीटर नव्हता. साठ अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी भाजतं. माझी आजी तान्ह्या बाळाचं पाणी विसणताना कोपर बुडवून बघायची. तिच्याकडे पत्रक नव्हतं, कोपर होतं.

जखम भरायला तीन महिने लागले. मुलगा बेंगळुरूहून दर दोन दिवसांनी फोन करून रडवेला व्हायचा. तिने त्याला एका शब्दाने बोलू दिलं नाही, “तू चांगल्यासाठी दिलास की रे,” म्हणायची.

हे वाचून कुणी म्हणेल, मग सगळं थोतांडच. तसं मला म्हणायचं नाही. पाण्याचे गुण खरे आहेत, फक्त पत्रकात लिहिलेत ते नव्हेत. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचं साधारण निम्मंच वजन पडतं. छातीपर्यंत गेलं की त्याहून कमी. ज्या गुडघ्यांना जिना सोसत नाही त्यांना पाण्यात चालणं सोसतं. याचा नीट अभ्यासही झालेला आहे. पाण्यातल्या व्यायामाने गुडघा आणि खुब्याच्या संधिवातात काय होतं, यावरच्या १३ चाचण्या एकत्र तपासून कोक्रेन संस्थेने २०१६ साली निष्कर्ष काढला, की वेदना आणि अडचण थोडी कमी होते, थोड्या काळासाठी. ‘थोडी’ आणि ‘थोड्या काळासाठी’ हे दोन शब्द मला फार आवडले. खऱ्या औषधाची भाषा अशी असते. मूळव्याध किंवा बाळंतपणाचे टाके दुखत असतील तर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसायला डॉक्टरही सांगतात, त्याने आराम पडतो. झोपण्याआधी कोमट पाण्याने अंघोळ केली तर डोळा लवकर लागतो.

फिनलंडच्या सॉनाबद्दलही हल्ली फार ऐकू येतं. तिथल्या २,३१५ मध्यमवयीन लोकांवर जवळजवळ वीस वर्षं नजर ठेवून २०१५ साली जो अभ्यास आला, त्यात आठवड्यातून चार-सात वेळा सॉनात बसणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. पत्रकात हे ठळक अक्षरात आहे. पत्रकात नाही ते असं, की ते २,३१५ जण सगळेच्या सगळे पुरुष होते. पुढच्या एका अभ्यासात बायकाही घेतल्या, हे खरं. पण जो आठवड्यातून सात वेळा निवांत बसू शकतो तो मुळातच धडधाकट आणि मोकळा असणार, ही शंका कुठल्याही गृहिणीला येईल. फिनलंडमध्ये सॉना घराघरांत असतो. वर्षातून तीन दिवस पैसे भरून वाफ घेतली तर तेच फळ मिळेल, असं त्या अभ्यासात कुठे नाही. आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईने वाफेतून एकदम उठू नये, दिवस गेलेल्या बाईने, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, असं अंग तापवून घेऊ नये, हेही पत्रकात नाही.

मग बायका तिकडे जातात कशाला? मी जावेच्या विहीणबाईंना विचारलं. त्यांना काही अपाय झाला नव्हता. त्या जरा थांबून म्हणाल्या, “तीन दिवस मला कुणी चहा टाक म्हटलं नाही.” मग आणखी थांबून, “आणि कुणीतरी पाठीला तेल लावलं.”

हे मात्र कुठल्याच अभ्यासात नव्हतं. आपल्या आयुष्यात बाईच्या अंगाला दुसऱ्याने मायेने तेल लावायचा काळ कुठला? लहानपण, आणि मग बाळंतपण. सव्वा महिना तेलपाणी करणारी बाई यायची. माझ्याकडे यायची ती पहाटे न्हाणीघरातला बंब पेटवून, हंडाभर पाणी काढून, मला पाटावर बसवायची. पायापासून डोक्यापर्यंत तेल जिरवायची, मग कढत पाणी, वर तांब्याने कमरेवर धार. मग बाजेखाली शेगडी आणि ओव्या-शेपाची धुरी. त्या धुराने मला ठसका लागायचा आणि बाळाचे डोळे चोळून लाल व्हायचे. धुरी वाईटच होती, ती गेली ते बरं झालं. पण ते हात मला आजही आठवतात. लुगडं, पायलीभर तांदूळ आणि थोडे पैसे घेऊन ती गेली, त्यानंतर तीस वर्षांत माझ्या पाठीला कुणाचा हात लागलेला नाही. मी सगळ्यांच्या पाठी चोळल्या, पोरांच्या, सासऱ्यांच्या, सासूबाईंच्या शेवटच्या आजारात. स्पावाले विकतात ते हेच आहे. तेवढंच सांगून विकलं असतं तर मी त्यांच्या विरुद्ध अक्षर लिहिलं नसतं. दमलेल्या बाईला तीन दिवस आराम आणि तेल, एवढं लिहिलं तर कोण येईल, अशी भीती त्यांना वाटत असावी. आणि भीती खरीच आहे. ‘आराम हवाय’ म्हणून घरातून निघायची आपली हिंमत होत नाही, ‘डिटॉक्स’साठी होते. नवऱ्याला सांगायला रोगाचं नाव लागतं.

शुद्धीबद्दल तर आपण जैन बायकांनी फसायलाच नको होतं. बारा भावनांत अशुचि भावना आपण लहानपणापासून ऐकतो: हा देह ज्याचा बनलाय त्याने तो अशुचीच, कितीही पाणी घाला, स्नानाने शुद्ध होत नाही. आपल्या मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अस्नान आहे. पाणी गाळून, मोजून वापरणाऱ्या घरांतल्या आम्ही, आणि भलामोठा टब भरून त्यात विष सोडायला निघालो. त्यात तो मधाचा लेप. मध आपण जिभेला लावत नाही आणि तोंडाला फासून घ्यायला पैसे भरतो! जावेने तेवढं मात्र नको म्हटलं होतं, हे तिने मला अभिमानाने सांगितलं.

आता कुणी मैनासुंदरीचं नाव काढेल. अष्टान्हिकेत सिद्धचक्र विधान होतं, तेव्हा दरवर्षी ती कथा आपण ऐकतो. गंधोदक शिंपडलं आणि श्रीपालाचा कुष्ठरोग गेला. मला ती कथा प्रिय आहे, त्या मुलीच्या धीरासाठी. बापाने रागाने कुष्ठरोग्याशी लग्न लावून दिलं तरी ती खचली नाही. बस्तीत गेले की गंधोदक मी आजही कपाळाला आणि डोळ्यांना लावते. पण मोतीबिंदू झाला तेव्हा मी ऑपरेशन करून घेतलं, आणि दोन्हींत मला काही विसंगत वाटलं नाही. गंधोदक देणारे पंडितजी कधी ‘मोतीबिंदूवर गुणकारी’ म्हणून पावती फाडत नाहीत.

ज्यांना जायचंच आहे त्यांनी निदान चौकशी करून जावं. निसर्गोपचाराचंही रीतसर शिक्षण आहे. उजिरेला १९८९ पासून त्याचं महाविद्यालय आहे, पदवीला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात. तिथे पदवीधर डॉक्टर आहे का, तो आधी तुमच्या गोळ्या बघतो का, हे विचारायला लाजू नये. ‘गोळ्या बंद करा’ असं जिथे पहिल्या दिवशी सांगतात तिथून पिशवी उचलून निघावं.

माझे गुडघे दुखतात म्हणून फिजिओथेरपिस्टने मला पाण्यात चालायला सांगितलं. गावातल्या पोहण्याच्या तलावात बायकांची वेळ दुपारी तीन ते चार, म्हणजे घरात कुणी ना कुणी चहाची वाट बघत असतं ती वेळ. पहिल्या दिवशी पोहण्याचा तो पायघोळ पोशाख घालून मी पायरीवर पाच मिनिटं नुसती उभी होते. चोपन्न वर्षांत अंघोळीच्या बादलीपेक्षा मोठ्या पाण्यात मी कधी उतरलेच नव्हते. आता चार महिने झाले. गुडघे थोडे बरे आहेत.

जाऊ सोबत येते. डॉक्टरांनी तिला अनवाणी चालायचं नाही असं बजावलंय, बस्तीतसुद्धा ती पांढरे सुती मोजे घालून जाते. पाण्यात उतरायला अजून परवानगी नाही. ती काठावरच्या बाकावर चपला घालून बसते, मांडीवर माझा टॉवेल, आणि माझ्या फेऱ्या मोजते. मी दमून कठड्याला धरलं की वरून आवाज येतो, “आक्का, अजून दोन राहिल्यात.”